माय, खुर्चीत नीट टेकून बस

साठी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकावे, असे आपल्याकडे फारसे कोणी सुचवीत नाही. नातवंडे सांभाळावीत, गुडघ्यांना तेल लावावे, लग्नसमारंभांना हजेरी लावावी, एवढेच. मी टपाल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात तैलरंगाचे सामान घेऊन घरी आले. सून म्हणाली, "आई, रांगोळीचा क्लास लावला असता तर घर तरी स्वच्छ राहिलं असतं." तिचे खोटे नव्हते. तैलरंगाचा डाग गाऊनवर पडला की तो गाऊनबरोबरच जातो.

हा हट्ट मी का धरला? आमच्या घरात बाबांचा एकही फोटो नाही. ते गेले तेव्हा आमच्याकडे फोटोला पैसे नव्हते आणि नंतर फोटो काढायला बाबा नव्हते. मायचा म्हणावा तर बिडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा, बोटभर आकाराचा, डोळे विस्फारलेला एकच जुना फोटो. आता मोबाईलमध्ये तिचे शेकडो फोटो आहेत, पण ते मोबाईलबरोबर बदलतात, पुसले जातात. माय आता त्र्याऐंशीची आहे. तिचे एक चित्र भिंतीवर असावे आणि ते मीच काढलेले असावे, असे मनाने घेतले. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात चित्रकला आणि व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपण वाचलेले असते. त्यांच्या कामाच्या डोंगराकडे पाहिले की निवृत्त माणसाला सवड नाही म्हणायची लाज वाटते.

मला चित्रकलेची पूर्वतयारी म्हणाल तर शून्य. शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचे होते. रंगपेटी नाही म्हणून नाव दिले नाही. एक गोष्ट मात्र लहानपणी पाहिलेली होती. चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात एक पेंटर प्लायवुडवर बाबासाहेबांचे चित्र काढायचा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तो. हातातल्या छोट्या फोटोवर पट्टीने चौकोन आखायचा, तेवढेच चौकोन खडूचा दोरा मारून प्लायवर पाडायचा, आणि एकेका चौकोनात काय आहे तेवढेच बघत जायचा. आम्ही पोरे तासन्‌तास उभी. आधी चष्म्याची एक काडी, मग कोटाची कॉलर, आणि संध्याकाळी अचानक बाबासाहेब आमच्याकडे बघत असायचे! ती युक्ती पन्नास वर्षांनी मला उपयोगी पडली.

शिकवणारे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सर, मला माझ्या आईचं चित्र काढायचंय." ते म्हणाले, "आधी दुसऱ्याच्या आईचं काढा." आणि एक छापील चित्र पुढे ठेवले. काळ्या पोशाखातली एक म्हातारी, खुर्चीत बसलेली, अगदी एका बाजूने दिसणारी. करडी भिंत. बस्स.

मी ते चित्र पूर्वी पाहिलेले होते! टपाल खात्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना तिकिटे जमवण्याचा छंद होता. त्यांच्या वहीत अमेरिकेचे 1934 सालचे तीन सेंटचे जांभळे तिकीट होते, मातृदिनानिमित्त काढलेले. त्यावर हीच म्हातारी. फक्त तिकिटावर तिच्या पायांच्या दिशेला फुलांची एक कुंडी आहे. सरांच्या चित्रात कुंडी नव्हती. सर हसले. म्हणाले, ती कुंडी टपाल खात्याने घातलेली, चित्रकाराने नव्हे.

हे चित्र जेम्स मॅकनील व्हिस्लर या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने 1871 मध्ये काढले. समोर बसलेली त्याची आई, ॲना. त्या दिवशी ठरलेली मॉडेल आली नाही म्हणून त्याने आईला उभे केले. दोन-तीन दिवस ती माउली उभी राहिली, मग तिच्याने उभे राहवेना, तेव्हा खुर्ची आली. म्हणजे जगातली ही सगळ्यांत प्रसिद्ध बसलेली आई मुळात बसणारच नव्हती! लंडनच्या रॉयल अकादमीने 1872 च्या प्रदर्शनात ते मोठ्या नाखुशीने टांगले. पुढे 1891 मध्ये फ्रान्स सरकारने विकत घेतले आणि आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. व्हिस्लरने त्याला 'आई' असे नाव दिले नव्हते. 'करड्या आणि काळ्या रंगांची मांडणी, क्रमांक 1' असे दिले होते. समोर कोण बसले आहे याच्याशी लोकांना काय करायचे आहे, असे त्याचे म्हणणे. शिकताना मला त्याचे म्हणणे पटत गेले, पण पूर्ण पटले नाही.

नवशिक्याला हेच चित्र का द्यावे? सरांनी कारणे सांगितली. एक तर बाई बाजूने बसलेली आहे. समोरून बसलेल्या माणसाच्या मांड्या आपल्याकडे येतात, आखूड दिसतात, आणि भल्याभल्यांची तिथे फजिती होते. बाजूने पाहिले की पाठ, मांडी, पिंढरी यांची लांबी जशी आहे तशी दिसते. दुसरे, सगळा पोशाख मिळून काळ्या रंगाचा एकच मोठा आकार. घड्यांचा गोंधळ नाही. तिसरे, उजळ जागा मोजक्याच: चेहरा, पांढरी लेसची टोपी, मनगटाची लेस, हातातला रुमाल, भिंतीवरच्या फ्रेमचा कागद. एवढे जमले तर चित्र उभे राहते.

नक्कल करणे म्हणजे चोरी, असा आपल्या मनात एक समज असतो. मुलाने दुसऱ्याची वही पाहून लिहिले तर आपण कान पिळतो. पण चित्रकलेत शतकानुशतके हाच अभ्यासक्रम आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 1793 पासून चित्रकारांना आत बसून नकला करू देतात. आणि लांब कशाला, आपल्या अजिंठ्याचेच बघा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 ते 1885 या काळात लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांतलेच. आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बऱ्याच नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. पुढे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्याही कित्येक नकला 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या! पण त्या विद्यार्थ्यांचा हात जो तयार झाला तो काही जळाला नाही.

आता कामाकडे. मूळ चित्र मोठे आहे, सुमारे 162 सेंटिमीटर रुंद आणि 144 उंच. सरांच्या छापील चित्राचे माप नऊ इंच बाय आठ. त्यावर एकेक इंचाचे चौकोन पाडले: आडवे नऊ, उभे आठ, एकूण बहात्तर. बाजारात मिळणारा कॅनव्हास बोर्ड वीस बाय सोळा इंचांचा होता. त्यावर दोन-दोन इंचांचे तेवढेच चौकोन पाडले की अठरा बाय सोळा जागा भरते आणि कडेला दोन इंचांची पट्टी उरते. ती पट्टी रंग तपासायला. माझ्या चित्रापेक्षा ती पट्टीच जास्त रंगीत झाली आहे.

रंग फक्त सहा घेतले: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक. कॅमलच्या लहान ट्यूब. शिसे असलेला पांढरा विषारी, तो घरात आणायचाच नाही. डुकराच्या केसांचे तीन चपटे ब्रश, एक बारीक मऊ ब्रश, रंग कालवायला पातळ सुरी, टर्पेंटाईन आणि लिन्सीड ऑइल. पॅलेट म्हणून मी जुन्या टेबलाची काच वापरली आणि खाली करडा कागद घातला.

लिन्सीडची बाटली उघडली तेव्हा माय खाटेवर पडून होती. तिथूनच म्हणाली, "काहून वं, हे त जवसाचं तेल होय!" आणि खरेच की! लिन्सीड म्हणजे जवस. आमच्या विदर्भात जवसाची चटणी आणि तेल दोन्ही जुन्या माणसांच्या जेवणातले. मायला नवल वाटले की खायच्या तेलाने चित्र काढतात. पण चित्राचे तेल शुद्ध केलेले असते आणि बाटलीतले तेल स्वयंपाकाला अजिबात वापरायचे नाही, हे मी घरात सर्वांना बजावून सांगितले.

हे तेल वाळते कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. पाणी उडून जाते तसे ते उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि हळूहळू घट्ट होत जाते. म्हणून वेळ लागतो. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात, काळा आणि पांढरा रेंगाळतात. या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. चिंध्या मोकळ्या पसरून घराबाहेर वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून मग टाकायच्या. टर्पेंटाईन गॅसच्या शेगडीपासून दूर, आणि खिडकी उघडी. ज्या घरात दम्याचा माणूस आहे तिथे हे काम व्हरांड्यातच करावे.

पहिल्या दिवशी चित्र काढलेच नाही. पांढऱ्या बोर्डाची भीती घालवायची म्हणून रॉ अंबर टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळीकडे लावला आणि चिंधीने पुसला. बोर्ड भाकरीच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर चौकोन, आणि बारीक ब्रशने आकृती. इथे मोहल्ल्यातला पेंटर आठवला. "म्हातारी काढते आहे हे विसरा," सर म्हणायचे. "चौथ्या ओळीतल्या पाचव्या चौकोनात काळी कड कुठून शिरते आणि कुठून निघते, एवढंच बघा." तरी टोपी मोठी झाली आणि नाक खाली आले. मग सरांनी छापील चित्र आणि माझा बोर्ड दोन्ही उलटे केले, डोके खाली पाय वर. उलटे झाल्याबरोबर चूक दिसली. सरळ चित्रात आपण नाक बघत नाही, नाकाविषयी जे माहीत आहे ते बघतो.

मग आठवडाभर फक्त अंबर आणि पांढरा, या दोनच रंगांत सगळे चित्र. डोळे बारीक करून बघायचे, म्हणजे बारकावे जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. डोळे बारीक केल्यावर पडदा, पोशाख आणि भिंतीच्या तळची पट्टी एकमेकांत मिसळून जातात. टोपी उडी मारून पुढे येते. मला वाटायचे चेहरा सगळ्यांत पांढरा असणार. नाही! टोपीशेजारी तो चांगलाच गडद आहे.

रंगांत उतरल्यावर पहिला धडा भिंतीने शिकवला. काळ्यात पांढरा मिसळला की करडा होतो हे खरे, पण तो निळसर, थंडगार, दवाखान्याच्या भिंतीसारखा होतो. त्यात चिमूटभर ऑकर आणि अंबर घातले तेव्हा ती माणसांच्या घरातली भिंत झाली. पोशाखाचा काळा नुसता ट्यूबमधून लावला तर चित्राला भोक पडल्यासारखे दिसते. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून जो काळा होतो तो जिवंत. व्हिस्लर रंग फार पातळ करून लावायचा. मी मात्र उत्साहाच्या भरात पोशाख भरपूर तेल घालून जाड लावला. चांगला तुकतुकीत दिसत होता. चार दिवसांनी त्यावर मनगटाची लेस टर्पेंटाईनच्या पातळ रंगाने काढली. तिसऱ्या महिन्यात लेसवर बारीक भेगा पडल्या, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडतात तशा. खालचा तेलकट थर अजून हलत होता आणि वरचा कोरडा थर कधीच ताठ झाला होता. आधी कमी तेल, वर वर जास्त तेल, हा या कामातला पहिला कायदा. मला सरांनी तो सांगितला होता आणि मी वहीत लिहूनही घेतला होता.

सर्वांत जास्त वेळ खुर्चीने नाही, हातांनी नाही, बसण्याने घेतला. माझी म्हातारी खुर्चीत बसलेली वाटेना. खुर्चीपुढे तरंगत असल्यासारखी दिसायची. आठ दिवस मी घड्या दुरुस्त करत राहिले. शेवटी कळले की तिच्या पाठीची कड आणि मांडीची कड जिथे मिळतात तो कोन मी दोन बोटे पुढे काढला होता. मूळ चित्रातल्या बाईने आपला सगळा भार खुर्चीवर सोडला आहे. पाय छोट्या चौरंगावर, हात मांडीवर, पाठ मागे. तिला कोणी ऊठ म्हणणार नाही, याची तिला खात्री आहे.

तेव्हा मनात आले, ही बाई होती तरी कोण? नातीला विचारले, तिने मोबाईलवर शोधून वाचून दाखवले. ॲना व्हिस्लर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला जन्मली. तिचा सख्खा मामा झेफनाया किंग्जली हा फ्लोरिडातला मोठा मळेवाला आणि गुलामांचा व्यापारी होता. मी ब्रश खाली ठेवला. बाई धार्मिक होती, प्रेमळ होती असेही नातीने वाचले. असेल. भाच्या-भाचींना कुणी मामाच्या धंद्यासाठी फाशी देत नाही. पण ज्या ऐसपैस बसण्याचा कोन मी आठ दिवस मोजत होते, तो कोन आकाशातून पडलेला नव्हता, एवढे कळले.

नातीनेच मग दुसरे चित्र काढून दाखवले. हेन्री ओसावा टॅनर हा काळा अमेरिकन चित्रकार, जन्म 1859, पिट्सबर्गचा. फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत टॉमस ईकिन्स यांच्या हाताखाली शिकला. तिथे गोऱ्या सहाध्यायांनी त्याचा छळ केला. त्याला त्याच्याच इझलला बांधून रस्त्यात ठेवल्याची हकीकत त्यांच्यापैकी एकाने नंतर स्वतःच लिहून ठेवली आहे. 1891 मध्ये तो पॅरिसला गेला आणि बहुतेक आयुष्य तिथेच राहिला. त्याने 1897 मध्ये आपल्या आईचे चित्र काढले. सारा टॅनर, व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेली, तिथून सुटून उत्तरेत आलेली. तीही बाजूने बसलेली, गडद पोशाखात, डुलत्या खुर्चीत. व्हिस्लरचे चित्र टॅनरच्या डोळ्यांपुढे होते हे बघताक्षणी कळते. पण ही आई ताठ पुतळ्यासारखी नाही. हात गालाशी नेलेला, विचारात गढलेली. मागचा अंधार तपकिरी, उबदार. गुलामीत जन्मलेली बाई खुर्चीत आरामात बसली आहे आणि तिचा मुलगा शांतपणे तिच्याकडे बघतो आहे, बास, एवढेच ते चित्र. ते आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. मी मायला मोबाईल दाखवला. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "लेक काय करते हिचा?" म्हटले, हे चित्र त्यानेच काढले. "मंग बरं आहे," म्हणाली.

व्हिस्लरची नकल पावसाळ्याच्या तोंडाशी संपली. सरांनी सत्तर टक्के गुण दिले, त्यातले दहा चिकाटीचे. आणि म्हणाले, आता तुमच्या आईला बसवा.

आमच्या घरात एक सागवानी खुर्ची आहे. मी मॅट्रिकला असताना बाबांनी जुन्या बाजारातून आणली होती, माझ्या अभ्यासासाठी. माय त्या खुर्चीत कधी बसली नाही. तिने जन्मभर बिड्या वळल्या. पाय पसरून जमिनीवर बसायचे, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता, बोटांवर दोरा. दिवसाला हजार. कारखान्यात माल द्यायला जायची तेव्हा खुर्चीवर बिड्या छाटणारा माणूस बसलेला असायचा आणि बाया खाली. तिच्या लहानपणी गावात तर आपल्या माणसांनी स्वतःच्या अंगणातल्या खाटेवर बसलेले असताना कुणी मोठा समोरून गेला तर उठून उभे राहायचे, अशी रीत होती. हे ती कुणी विचारले तरच सांगते.

तर माय खुर्चीत बसली. पण कशी? पुढच्या काठावर, तीन बोटे जागा धरून, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून, कोणत्याही क्षणी उठायच्या तयारीत. मी म्हणाले, "माय, खुर्चीत नीट टेकून बस." ती म्हणे, "टेकलीच आहो ना." पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मी माप घेतले. पाठ आणि खुर्चीची पाठ यांत एका डोक्याएवढे अंतर!

मला वाटले आपणच चुकतो आहोत. जिला जमिनीवर बसायची सवय तिला उगाच खुर्चीत कशाला कोंबायचे? तिला सूप देऊन, पाय पसरून, जशी जन्मभर बसली तशीच काढावी. तेच खरे चित्र होईल. सरही म्हणाले, छान विषय आहे. मी मायला सांगितले. ती एकदम चिडली. "जमिनीवर बसलेली मले कोनी पाह्यलं नाई का? साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यलं. भिंतीवर लावाचं हाय ना? मंग खुर्चीतच काढ."

विषय संपला.

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता, उत्तरेच्या खिडकीतून सारखा उजेड येतो तेव्हा, वीस मिनिटे. त्र्याऐंशीच्या माणसाला त्याहून जास्त बसवू नये. मध्ये पाणी, पाय मोकळे, मग हवे तर आणखी वीस मिनिटे. खुर्चीच्या पायांभोवती आणि मायच्या पावलांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडते. सुनेने त्या खुणा दोनदा पुसल्या, चुकून. पाठीमागे एक उशी दिली. पहिले तीन दिवस उशी आणि पाठ यांची गाठ पडली नाही. चौथ्या दिवशी नात शेजारी बसून तिला मोबाईलवर जुनी भीमगीते ऐकवत होती. मी डोके वर केले तर माय मागे रेलली होती. डोळे अर्धे मिटलेले, एक हात खुर्चीच्या हातावर सैल. मी काही बोलले नाही. आधीची रेघ चिंधीने पुसली आणि नवा कोन काढला.

रंगाची अडचण मात्र वेगळीच आली. सुरुवातीला मुलाने हौसेने बारा ट्यूबचा एक संच आणून दिला होता. त्यात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब होती, म्हणजे अंगाचा रंग. उघडून पाहिली तर गुलाबी! आमच्या घरात, शेजारात, साऱ्या वस्तीत त्या रंगाचे अंग कुणाचे नाही. ट्यूब तशीच पडून आहे. मायचा रंग मी बर्न्ट सिएना, ऑकर आणि थोडा अल्ट्रामरीन यांतून केला. उजेडाच्या बाजूला, कपाळावर, ऑकर आणि किंचित पांढरा. पांढरा जास्त झाला की सावळे अंग राखेसारखे दिसते, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे. उजळ करायचे तर आधी ऑकरकडे जावे, पांढऱ्याकडे शेवटी. सावलीच्या बाजूला सिएना आणि निळा. गालाच्या हाडाखाली एक जांभळट छटा आहे, ती मी साठ वर्षांत पाहिली नव्हती.

चेहरा बरा आला. नऊवारीचा हिरवा आला, खुर्ची तर उत्तम आली. हात राहिले आहेत. सर म्हणतात बोटे मोजू नका, आधी हात म्हणजे एकच आकार समजा, बिनबोटाच्या मोज्यासारखा, आणि मग उजेड पडतो तेवढ्याच बोटांना वेगळे करा. व्हिस्लरच्या आईच्या हातांना ते जमून गेले. मायच्या हातांना जमत नाही. दोऱ्याने तर्जनीला पडलेली खाच आहे, अंगठा बाहेर वळलेला आहे, आणि ते हात मोकळे असले तरी काहीतरी वळत असल्यासारखे वाटतात. तीनदा काढले आणि सुरीने तीनदा खरवडले. तिसऱ्या वेळी माय उठून बोर्डाजवळ आली, खरवडलेल्या जागेशेजारी आपला हात धरून बघितला, आणि म्हणाली, "घाई नोको करू. हात इथंच आहे."

सध्या बोर्ड कपाटावर उभा आहे, भिंतीकडे तोंड करून, धूळ बसू नये म्हणून. नागपूरच्या पावसात रंग लवकर वाळत नाही. पूर्ण झाल्यावरही वार्निश लावायला सहा महिने ते वर्षभर थांबावे लागेल, असे सरांनी सांगितले आहे. आतून वाळायला तेवढे दिवस लागतात. मायला ते कळल्यावर तिने बोटांवर महिने मोजले आणि फ्रेम कोणत्या रंगाची घ्यायची ते आत्ताच ठरवून टाकले. रविवारी सकाळी नऊ वाजता ती पुन्हा बसणार आहे. खुर्ची ती स्वतःच खिडकीजवळ ओढून ठेवते.